पेरू कापण्यापुरता

खिशात चाकू बाळगणाऱ्या माणसाबद्दल सोसायटीत दोन मतं असतात. पार्सल येईपर्यंत ‘हे गृहस्थ असला प्रकार घेऊन का हिंडतात?’ आणि पार्सल आल्यावर ‘अहो, जरा तो तुमचा चाकू द्या बघू.’ दोन्ही मतं एकाच जिन्यावर, एकाच तोंडातून ऐकायची मला सवय झाली आहे.

याचं खापर मी हिंदी सिनेमावर फोडतो. सत्तरच्या दशकातल्या खलनायकाने बटण दाबून रामपुरी उघडला, तेव्हापासून घडीचा चाकू म्हटलं की लोकांना काळोखी गोदी आणि पट्ट्यापट्ट्यांचा बनियन दिसतो. आता रामपुरीचं पातं हातभर आणि माझं जेमतेम अडीच इंच. कायदाही समजूतदार आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्र परवाना लागतो, पण घरकाम, शेती वगैरेंसाठी घडवलेल्या हत्यारांना त्यातून सूट आहे. म्हणजे फणस फोडणाऱ्या आजीला सरकार काही विचारत नाही. अडीच इंचांत मात्र पेरू बसतो. चिकू तर आरामात. पपईच्या वाटेला जाऊ नये.

माझा चाकू लाल, स्विस घराण्यातला. कार्ल एल्सेनर नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली ईबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकाच्या चाकूत पातं, टोचा, डबा उघडायचं अवजार आणि पेचकस. कारण नवी बंदूक खोलायला पेचकस लागायचा. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी नाजूक चाकू निघाला, त्यात एक छोटं पातं आणि बुचाचा स्क्रू वाढवला. शिपायाने बंदूक उघडायची, साहेबाने बाटली. हा चाकू सैन्याने कधी अधिकृतपणे दिला नाही, साहेब लोक आपल्या पैशाने घ्यायचे. यावरून बाटलीची तातडी लक्षात यावी.

आमच्या निर्व्यसनी घरात त्या स्क्रूला बरीच वर्षं काम नव्हतं. कोकम सरबताला बूच नसतं. मग एकदा तोरणाची सुतळी गच्च बसली, तेव्हा कळलं की गाठीत टोक खुपसून फिरवलं की गाठ सुटते. शिवाय त्याच्या वेटोळ्यात चष्म्याचे स्क्रू आवळणारा चिमुकला पेचकस बसवता येतो. घरातले सगळे चष्मे आता साहेबाच्या बुचावर अवलंबून आहेत.

त्याच चाकूला पाठीमागे एक आकडा आहे. तो कशासाठी, हे चाकूवाल्याला विचारावं आणि त्याचा चेहरा बघावा. तो दोरी बांधलेलं पार्सल उचलायला आहे. दोरी बोटाला काचू नये म्हणून. हे काम इतकं साधं आहे की सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी स्वतः त्यावर मिठाईचा खोका अडकवून दादर ते ठाणे उभा राहून आलो आहे आणि बोटं शाबूत आहेत. दात कोरायची काडी मात्र सगळ्यांचीच हरवते. चिमटा त्यानंतर. उरलेल्या दोन रिकाम्या भोकांवरून चाकूचं वय ओळखावं.

अवजारं वाढवायचा मोह कंपन्यांनाही आवरत नाही. वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीने ८७ अवजारांचा एक चाकू काढला होता. त्याच्यासाठी खिसा नव्हे, हमाल हवा.

खरी करामत असते बिजागरीत. पात्याच्या बुडाला पोलादाची पट्टी दाबून धरते. उघडल्यावर पातं ‘टक्’ करून ताठ राहतं, मिटल्यावर गुमान पडून राहतं. यात पातं जास्त कडक, रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास, आणि पट्टी ४९. कापणारा कडक आणि सांभाळून घेणारा जरा लवचिक. आमच्याकडे सासरे आणि सासूबाईंचं नेमकं याच मापाने चाललं आहे. पट्टीला कुलूप नसतं. पातं उलट्या बाजूने रेटलं तर ते बोटांवर मिटतं, म्हणून या चाकूने भोसकाभोसकी करू पाहणारा आधी स्वतःची बोटं मोजेल. गुंडांना तो नालायक आहे, हाच त्याचा मोठा गुण.

फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेल कंपनीने यावर उपाय काढला. लाकडी मूठ आणि गळ्याशी फिरणारं कडं. १९५५ पासून हे कडं फिरवलं की पातं जागच्या जागी. चाकू देखणा. फक्त आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. तिथल्या लोकांची रीत अशी की मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं डोकं वर काढतं. हे मी रात्री अकराला करून पाहिलं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. सोबत आंब्याची पेटी घेऊन आले, ती उघडायची होती.

एवढं परदेशी कौतुक चाललं असताना आईने ओट्याखालून विळी काढली. पातं बिजागरीवर, काम झालं की पाटावर आडवं होतं, टोकाला नारळाची खवणी. घडीचं पातं, त्यात दोन अवजारं, आणि लॉक म्हणून आईचा पाय. आजोबांची चंची तर आणखी पुढची: अडकित्ता, चुन्याची डबी, पानं, सुपारी, कात, सगळं कमरेला खोचलेलं. अमेरिकन तरुण आज खिशातल्या ज्या असल्या सामानाचे फोटो काढतात ते आजोबा रोज सकाळी सदऱ्याच्या आत कोंबत असत. त्यांना कुणी गुंड म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्या थोरवीला विमानतळावर शून्य किंमत. किल्ल्यांच्या जुडग्यातलं नखाएवढं पातंही तिथे ट्रेमध्ये पडतं. अमेरिकेत २०१३ साली सहा सेंटिमीटरपर्यंतचे चाकू विमानात न्यायला परवानगी देण्याचं जाहीर झालं होतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी असा विरोध केला की काही महिन्यांतच ते मागे घेतलं. तेव्हा प्रवासाला निघताना चाकू मोठ्या बॅगेत टाकावा. सुरक्षारक्षकाला आकड्याचा उपयोग समजावत बसू नये, मागची रांग ओरडते.

विकत घ्यायचाच असेल तर एक पातं, एक कात्री, एक पेचकस एवढाच घ्या; बाकीची अवजारं शेजाऱ्यांच्या कामाला येतात. घेतल्यावर रिकामा उघडमीट करत बसू नका. कात्री वाजवली की घरात भांडण होतं म्हणतात. चाकू वाजवला की नक्की होतं, ही माझी खात्री. आणि ज्यांच्याकडे चाकू नाही त्यांना हात जोडून विनंती: मागून नेलात तर मिटून परत करा आणि पुसून करा. पात्यावर बसलेला चिकटपट्टीचा चिकटा पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाने जातो.