घरच्या घरी पाच स्टॅटिक आयपी (उंब्रज व पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी)

स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, कशाला हवा, हा प्रश्न घरात कुणाला विचारूच देऊ नका. मुलगा पुण्याला, गोठा तारळीकाठी, गोठ्यात दोन म्हशी आणि म्हशींवर कॅमेरा. एवढं कारण पुष्कळ झालं.

मागायचाच तर इंटरनेट कंपनीकडे एकटा पत्ता मागू नका, आठांचा गट मागा. जाणकार त्याला /२९ म्हणतात. आठातला पहिला नेटवर्कच्या नावाने जातो, शेवटचा ब्रॉडकास्टच्या, एक कंपनीच्या गेटवेला. हाती उरतात पाच. /२८ घेतलात तर सोळातले तेरा उरतील, म्हणजे समर्थांच्या अकरा मारुतींची सोय होऊन वर दोन शिल्लक. त्या अकरांतला एक आपल्या उंब्रजचाच, आणि पत्ता न बदलण्यात सतराव्या शतकापासून त्याचा हात धरणारा कुणी नाही. चाफळला तर दोन आहेत. एकाच यंत्राला दोन पत्ते देता येतात, हे त्यावरून लक्षात ठेवा.

फोन लावलात की पलीकडचा पोरगा विचारेल, "दुकान हाय का?" "न्हाय, घरच हाय," म्हणालात की तो गप्प होईल. त्याला वेळ द्या. आयपीव्ही४ चे पत्ते सगळ्या जगात मिळून ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला होता. म्हणून तर कंपन्या अनेक घरांना एकाच पत्त्याआड बसवतात. तुम्हीही त्यातलेच का, हे राउटरच्या पानावर 'वॅन'समोरचा आकडा सांगेल. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा करा, म्हैस पुण्यात दिसायची नाही.

आता घरातली वाटणी. राउटर १९२.१६८.१.१. डीव्हीआरला शेवटी १०, प्रिंटरला ११, गोठ्यातल्या कॅमेऱ्याला २१. राउटर आपण होऊन जे पत्ते वाटतो ते १०० ते २०० मध्ये कोंडा, म्हणजे तो तुमच्या ठरलेल्या आकड्यांना हात लावणार नाही. हा तक्ता कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. शंभर पत्ते कुणाला, असं वाटेल. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरली की पाहुणे हातपाय धुवायच्या आधी पासवर्ड विचारतात, तेव्हा कळेल. गोठा लांब असेल तर कॅट सिक्सची वायर शंभर मीटरच्या पुढे ओढू नका. तिथे फायबरच टाका.

खरं सांगायचं तर इथवर आल्यावर एका सार्वजनिक पत्त्यात सगळं भागतं. राउटरवर व्हीपीएन चालू केला की पुण्याचा मुलगा घरात बसल्यासारखा आत येतो आणि बाकीची यंत्रं बाहेरच्यांना दिसतही नाहीत. पण पाच घेतले आहेत, तर वापरायला हवेत. पहिला राउटरला द्या. दुसरा जुन्या डेस्कटॉपला. आजपासून त्याला सर्व्हर म्हणायचं, आत लग्नाचे फोटो असले तरी. उरलेले तीन पाहुण्यांना सांगायला ठेवा.

डीव्हीआरला मात्र थेट सार्वजनिक पत्ता देऊ नका. एवढी एक सूचना गमतीची नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलत नाही, याच भरवशावर २०१६ साली 'मिराय' नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्यात कुणाचा तरी गोठाही असेल. पासवर्ड आजच बदला, आणि नवा म्हणून गाडीचा नंबर टाकू नका, तो अख्ख्या बाजारपेठेला पाठ आहे.

शेवटची गोष्ट. तुमचे पाचही पत्ते एकाच फायबरवरून येतात आणि तो महामार्गाच्या कडेने पुरलेला आहे. रस्त्याच्या कामावर जेसीबीचं बकेट खाली गेलं की पाचही एकदमच जातात. तेवढा वेळ मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा. त्याचा पत्ता बहुतेक सामायिकच असतो, पण चालतो.