एकहाती गाडी

अडीच महिन्यांसाठी मोटार विकत घ्यायची आणि जाताना विकून टाकायची, ही कल्पना पुण्यात कुणालाही समजावून सांगता येत नाही. अडीच महिन्यांसाठी इथे कुणी छत्रीही विकत घेत नाही, आहे तिलाच काडी बसवून आणतात. त्यामुळे ऑकलंडहून आलेला भाचा पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला, "मामा, मी एक जुनी स्वस्त गाडी घेतो," तेव्हा सगळ्यांचे हात भातात थांबले. आमच्या सासूबाईंनी यातून परस्पर निष्कर्ष काढला, की मुलाचं तिकडे काहीतरी बिनसलंय आणि तो कायमचा आलाय. त्यांनी न विचारता त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. न्यूझीलंड फिरायला येणारी तरुण पोरं असंच करतात. एखादी जुनी जपानी गाडी घ्यायची, मागे गादी टाकायची, दोन्ही बेटं पालथी घालायची आणि विमान पकडण्याआधी ती पुढच्या पोरांच्या गळ्यात मारायची. ऑकलंडला एलर्स्लीच्या रेसकोर्सवर रविवारी मोटारींचा बाजार भरतो. मालक आपापल्या बॉनेटला टेकून उभे असतात आणि घेणारे मंडईत वांगी दाबून पाहावीत तसे टायर दाबत हिंडतात. 'वॉरंट ऑफ फिटनेस' नावाचा कागद बघायचा, पैसे द्यायचे, संगणकावर गाडी नावावर करायची, संपलं. हा वॉरंट म्हणजे आपल्या पीयूसीसारखाच प्रकार, फक्त त्यासाठी गाडीचे ब्रेक, टायर आणि गंज खरोखर बघतात. आपल्याकडेही दिल्लीच्या करोलबागेत परदेशी लोक जुन्या बुलेट घेतात, हिमालय फिरतात आणि परत येऊन तिथेच विकतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "मग पुण्यात का नाही?" त्याने विचारलं.

हा प्रश्न आजवर अनेकांनी अनेक बाबतींत विचारला आहे.

ही गोष्ट 2018च्या डिसेंबरातली. त्याला खरी स्कूटर हवी होती, पण आमच्या बहिणीने तिकडून फोनवर ती बंद पाडली. तिला पुणं माहीत आहे. राहिली मोटार. भाड्याची त्याला महाग वाटत होती आणि माझी मी देत नव्हतो.

पुण्यात जुन्या गाड्या तीनच प्रकारच्या लोकांकडून येतात: डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि 'लेडीज'. आम्ही पाहिलेल्या निम्म्याअधिक गाड्या डॉक्टरांच्या होत्या. इतक्या डॉक्टरांनी गाड्या काढून टाकल्यावर आता ते व्हिजिटला कशाने जातात, हे एकाही दलालाला सांगता आलं नाही. आणि सगळ्या गाड्यांचा आकडा चाळीस हजार किलोमीटरच्या आत. रिक्षाच्या मीटरवरून भर चौकात भांडणारं हे शहर मोटारीच्या मीटरबद्दल मात्र कमालीचं श्रद्धाळू आहे. आमच्याबरोबर आलेला गॅरेजवाला श्रद्धाळू नव्हता. तो दाराचं रबर जरासं ओढून आतला पत्रा बघे, पिलरवर बोटाच्या पेरांनी ठोकून कान लावी आणि एका शब्दात निकाल देई: "पुट्टी." किंवा "मारलेली." एका गाडीला तो काहीच बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघून चहा घ्यायला निघून गेला. ती डॉक्टरांची होती.

शेवटी गाडी सापडली ती वाण्याच्या दुकानात, काउंटरच्या काचेला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर. अक्षर मोत्यासारखं. "मारुती 800 (एसी), 2009, एकहाती. योग्य माणसास देणे आहे. एजंटांनी तसदी घेऊ नये. गाडी पाहण्याआधी फोन करावा, पाहिल्यानंतर करू नये."

भाच्याला मी मजकूर समजावून सांगितला. शेवटचं वाक्य समजावून सांगितलं नाही. ते अनुभवाने कळतं.

मालक सदाशिव पेठेतले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वाडा पाडून इमारत झाली, पार्किंगची एकच जागा वाट्याला आली आणि तिथे मुलाची मोठी गाडी उभी राहिली, म्हणून ही विकायची. गाडीवर कव्हर, कव्हरवर जुनी चादर, चादरीवर तिचं धुण्याचं वेळापत्रक लिहिलेला पुठ्ठा. एकेक थर उतरवत ते खाली पांढऱ्या मारुतीपर्यंत पोचले तेव्हा भाच्याने नकळत टाळी वाजवली. आत सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यावर चिठ्ठी होती: "यात कागदपत्रे आहेत. खाद्यपदार्थ ठेवू नयेत."

"किती दिवसांसाठी हवी आहे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी चादर पुन्हा पांघरायला घेतली.

हे समजून घ्यायला त्यांची पिढी समजून घ्यावी लागते. आकुर्डीत 1972 साली बजाजची चेतक निघाली आणि त्यापुढची कितीतरी वर्षं पुण्यातच बनणारी स्कूटर पुण्यातल्याच माणसाला रांगेत थांबून मिळत होती. ही रांग वर्षांची होती. मुलाच्या जन्माच्या वेळी नंबर लावला तर तो शाळेत जाताना स्कूटरवर बसे. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलन भरलं तर मात्र रांग चुकायची. यांचा मेहुणा जर्मनीत होता आणि पैसे भरायला तयारही होता. यांनी नऊ वर्षं वाट पाहिली, पण मेहुण्याचे उपकार घेतले नाहीत. अशा माणसापुढे 'वापरून टाकून देऊ' म्हणणारा मुलगा उभा केला तर त्याने चादर पांघरू नये तर काय करावं?

भाच्याने मग वेगळाच मार्ग धरला. त्याने खिशातून ऑकलंडहून आणलेली यादी काढली, जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली गंज शोधू लागला. समुद्राकाठच्या देशात माणूस आधी गंज बघतो. दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, "काका, इतकी स्वच्छ गाडी मी खालून कधी पाहिली नाही." त्या वाक्याने काम केलं. नऊ वर्षांत गाडीचं खालून कौतुक कुणी केलं नव्हतं. चादर बाजूला गेली आणि वह्या आल्या.

वह्या म्हणजे फुलस्केप, बांधीव. पहिल्या दिवसापासूनचं पेट्रोल, किलोमीटर, हवा, ॲव्हरेज. गाडीचा सगळा इतिहासही त्यांना पाठ. 14 डिसेंबर 1983ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती 800ची किल्ली ग्राहकाला मिळाली, तेव्हा किंमत 47,500च्या घरात होती, सबब आज 60,000 काही जास्त नाहीत. हा हिशेब मला नीट लागला नाही, पण मांडणी बिनचूक होती. पुढे 2010च्या एप्रिलपासून धुराचा नवा नियम आला आणि तेरा शहरांत ही गाडी नव्याने विकणं बंद झालं. त्या तेरांत पुणं होतं. "म्हणजे पुण्यात घेतलेल्या शेवटच्या शेवटच्या गाड्यांपैकी ही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सोलापूरही होतं त्या यादीत." दिल्ली-मुंबईच्या पंक्तीला पुण्याशेजारी सोलापूरचं पान कुणी मांडलं, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नव्हतं.

ट्रायल झाली. म्हणजे त्यांनी चालवली आणि आम्ही मागे बसलो. टिळक रस्त्याने स्वारगेटपर्यंत जाऊन परत येईतो त्यांनी चौथा गिअर टाकला नाही, कारण चौथ्याची झीज टळते. किंमत ठरली, टोकन दिलं. टाकीतलं पेट्रोल वेगळं धरलं. किती होतं, ते वहीत होतंच.

आता गाडी नावावर करायची. भाचा परदेशी नागरिक, पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? म्हणून गाडी माझ्या नावावर आणि चालवायला तो, आंतरराष्ट्रीय परवान्यावर. रस्त्याची डावी बाजू दोन्ही देशांत सारखी, एवढा एक दिलासा. एजंट लावायचा नाही, ही काकांची अट. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. काकांनी चौदा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने खुणा करून मोजले. फॉर्म नंबर 29 दोन प्रतींत, मग 30, त्यावर चासी नंबरची छाप. ही छाप म्हणजे गाडीवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची, शाळेत नाण्याची घासायचो तशी. काकांनी एकूण पाच छापा काढल्या आणि त्यांतली सर्वांत सुबक निवडायला मला बसवलं. संगमपुलाजवळच्या आरटीओत आम्ही तिघे गेलो. काकांचा कागद इतका स्वच्छ होता की त्यात काही विचारण्यासारखं राहिलंच नव्हतं, आणि त्यामुळे ते थोडे खट्टू झाले.

बाहेर चहा घेताना भाच्याने सांगितलं, की आमच्याकडे विकणारा आणि घेणारा आपापल्या घरी बसून हे दोन मिनिटांत उरकतात.

काका बराच वेळ विचारात पडले. "मग एकमेकांना भेटतात कधी?"

आम्हाला ते पुढे दर रविवारी भेटले. सकाळी साडेसातला खाली उभे, हातात हवा मोजायचा गेज. "सहज आलो होतो." अधेमधे फोन. "आज सुरू केली होती का? थंडी आहे, रोज पाच मिनिटं सुरू ठेवा." सीटवरचं प्लॅस्टिक काढलं तेव्हा त्यांनी ते घडी घालून घरी नेलं. वही पुढे चालू ठेवायची जबाबदारी भाच्यावर आली. तो ती इंग्रजीत लिहायचा आणि काका रविवारी त्याचं ॲव्हरेज दशांशात दुरुस्त करायचे.

गाडी मात्र फिरली. भाचा भिगवणला रोहित पक्षी बघून आला, पानशेत करून आला. जेजुरीला आम्हा सगळ्यांना घेऊन गेला. 796 सीसीचं इंजिन, आत चार मोठी माणसं आणि पुढे दिवेघाट. पायथ्याशी त्याने एसी बंद केला. "काकांनी लिहून दिलंय," असं म्हणून त्याने एक कागद दाखवला. त्यावर घाटातली वळणं क्रमाने होती आणि प्रत्येकासमोर गिअर. एका वळणासमोर नुसतं "सावकाश. इथे मी 2011 साली म्हैस पाहिली होती" एवढंच होतं. शहरात त्याचे हाल झाले. पेठांतल्या एकेरी रस्त्यांची आणि सम-विषम तारखांच्या पार्किंगची सवय व्हायला पुणेकराला एक आयुष्य लागतं, त्याच्याकडे व्हिसा होता. जानेवारी 2019 उजाडला आणि हेल्मेटसक्ती सुरू झाली. त्याविरुद्धचा मोर्चा एका चौकात त्याच्या आडवा आला. आपलं डोकं फुटण्याचा हक्क मागायला इतकी माणसं स्वतःच्या खर्चाने आलेली पाहून तो भारावला. त्याने घरी येऊन आईला फोन केला आणि स्कूटर न घेऊ दिल्याबद्दल तिचे आभार मानले.

फेब्रुवारीत विकायची वेळ आली आणि खरा पेच तिथे आला. घेणं पुण्यात समजावता येत नाही, विकणं त्याहून नाही. येणारा प्रत्येक जण कागद बघायचा, माझं नाव लागल्याची तारीख वाचायचा आणि डोळे बारीक करायचा. "दोन महिन्यांत विकताय? काय निघालं?" काही निघालं नाही म्हटलं की संशय दुणावे. भाचा आला होता, तो चालला, हे खरं कारण ऐकून एक जण उठूनच गेला. आमच्या शेजाऱ्यांनी सुचवलं, की जाहिरातीत 'फॉरेनच्या माणसाने वापरलेली' असं घाला. घातलं. फोन वाढले, पण सगळे गाडी परदेशी आहे का, हे विचारणारे. एकाने कस्टमचे कागद मागितले. मी तर एकदा सरळ 'डॉक्टरांची गाडी' म्हणून मोकळा होणार होतो, पण ही म्हणाली, त्यापेक्षा 'लेडीज' म्हणा, निदान मी दोनदा भाजी आणलीये.

भाचा गेला. जाताना काकांना वाकून नमस्कार करून गेला आणि ती गंजाची यादी त्यांना भेट देऊन गेला. पुढच्या रविवारी साडेसातला काका आले ते गेज न घेता, यादी घेऊन. गुडघ्यांचा त्रास असताना चटई अंथरून गाडीखाली गेले. आतूनच त्यांनी विचारलं, "कितीला देताय?"

मला वाटलं, कुणासाठी तरी बघताहेत. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, की मुलाला कंपनीने बंगलोरला पाठवलंय, तो मोठी गाडी घेऊन गेला, पार्किंगची जागा रिकामी आहे. रिकामी जागा डोळ्यांना बरी दिसत नाही. मी म्हटलं, "काका, तुमचीच गाडी. आम्ही दिले तेवढेच द्या. साठ."

"साठ कसे?" काका चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "मी दिली तेव्हा एकहाती होती. आता तुम्ही सेकंड ओनर, म्हणजे मी थर्ड. थर्ड ओनरच्या गाडीला या बाजारात पन्नासच्या वर कोण देतंय? आणि मागच्या चाकावर दिवेघाटातला चौथा गिअर दिसतोय मला."

मी बावन्न म्हणालो. त्यांनी पिशवीतून फॉर्म 29च्या दोन प्रती काढल्या. दोन्ही भरलेल्या होत्या, आणि सोबतच्या पावतीवर पन्नास होते.