पट्टीचा मुक्काम

संगणकाच्या पडद्यावरील टास्कबार मुळात कोणत्या कडेला असावा आणि किती जाड असावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासला, तरी त्याचा निकाल देणाऱ्या मंडळींना तो संस्थानाच्या सरहद्दी आखण्याइतकाच गंभीर वाटतो. कारण बहुसंख्य रयत दिलेली वस्तू दिली तेथेच आजन्म वापरते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. १९९५ साली विंडोजने ही पट्टी तळाशी बसविली, परंतु ती ओढून चारही कडांपैकी कोठेही नेण्याची मुभा ठेवली. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत ती मुभा खालसा झाली. उबुंटू या लिनक्स प्रणालीने २०११ मध्ये पट्टी डाव्या कडेस उभी केली (पडदे रुंद होत असता हेच शहाणपणाचे होते, असे आमचे मत) आणि ती तळाशी नेण्याची सवलत २०१६ साली बहाल केली.

खरी मौज केडीई प्रकल्पाच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपची. २०२४ मध्ये तेथे पट्टी कडेपासून किंचित अधांतरी तरंगू लागली. परंतु मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमाधारे, कडेला टेकलेले लक्ष्य माऊसने गाठणे अधिक सुलभ असल्यामुळे, मधल्या रिकाम्या फटीत केलेले क्लिकही पट्टीच्याच खात्यावर जमा करण्याची तजवीज करावी लागली. शिवाय एखादी खिडकी पूर्ण विस्तारताच पट्टी निमूटपणे कडेला चिकटते. तेव्हा त्या तरंगण्याचे लावण्य न्याहाळावयास पडदा रिकामाच हवा, आणि कचेरीत रिकाम्या पडद्याकडे साहेबांखेरीज कोण पाहत बसतो?