२३ किलोचे बाबा

कोथरूडमधली मुलगी एम.एस.साठी जर्मनीतल्या आखेनला निघाली, की तिच्या बाबांच्या हातात हुकाचा वजनकाटा येतो. वय साठीच्या आसपास, सगळी नोकरी वीज मंडळात, आणि लेकीच्या बारावीच्या निकालावरही नुसतं "बरं झालं" म्हणालेला हा माणूस. व्हिसा आल्याच्या संध्याकाळी मात्र तो चार दुकानं पालथी घालून काटा घेऊन येतो.

त्यानंतर घराचा जकात नाका होतो. गोडा मसाला अर्धा किलो, मेतकूट पाव, कुकर शिट्टीसकट. विमान कंपनीची मर्यादा २३ किलो. बाबांची बॅग २२.९.

"शंभर ग्रॅम कशाला सोडलेस, बाबा?"

"तिकडच्या काट्याचा काय भरवसा?"

आई साजूक तुपाची बरणी पुढे करते. बाबा नियम वाचून दाखवतात: युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. "असल्या देशात पोरीला पाठवायचं?" आई विचारते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीवर इतका कडक शेरा कोणी मारला नसेल.

बाबा मात्र जर्मनीच्या बाजूचे. कारण तिथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. "थेट आपल्यासारखी!" हे वाण्यालाही सांगून झालेलं असतं. विद्यापीठाबद्दल विचारलं तर "आहे चांगलं," संपलं. पिना तेवढ्या वेगळ्या, म्हणून ॲडॉप्टर सहा.

"सहा कशाला?"

"हरवतात."

लेक बापाला पुरती ओळखून असते. रात्री जेवणं झाली की ती मुद्दाम हाक मारते, "बाबा, बघतोस का जरा? वजन वाढलंय वाटतं." बाबा बातम्या अर्ध्यावर टाकून काटा घेऊन धावतात. वजन वाढलेलं नसतंच. दोघंही समाधानानं झोपायला जातात.

मुंबईच्या विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. बाकीचे बाप दाराशी डोळे पुसत असतात, हे जवानाला विचारतात, "आतला काटा तपासलेला असतो ना?"

मग भिंतीवर दुसरं घड्याळ लागतं, साडेतीन तास मागचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनी आपली घड्याळं तासभर मागे घेते आणि बाबांचा जर्मनीवरचा विश्वास उडतो. पोर आधीच लांब, त्यात आणखी एक तास! कोणाला विचारून?

फोनवर आता जर्मन रेल्वेचं ॲप आहे. कोथरूडची बस कधी येते हे बाबांना आयुष्यात कळलं नाही, पण आखेनहून कोलोनला जाणाऱ्या गाड्या तोंडपाठ. भरदुपारी ते फोन लावतात.

"काय रे बाबा, सगळं ठीक ना?"

"हो हो. तुझी गाडी बावीस मिनिटं लेट आहे."

"माहितीये. फलाटावरच उभीये मी."

"उभी कशाला? पुढे डाव्या हाताला बाकडं आहे. मॅपवर पाहिलंय मी."