टकलाला प्रायोजक मिळेना

डिसेंबर २०२४. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत आधी डोकी खाजली, मग केस हातात आले आणि तीन दिवसांत टक्कल. बघता बघता आकडा अडीचशेवर गेला. पहिला संशय पाण्यावर. मग आयसीएमआरचं पथक आलं. इकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, होय, तेच विंचूदंशावरच्या उपचारांवाले, स्वतःच्या खिशातून पैसे घालून लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांच्या मते दोष गव्हातल्या सेलेनियमचा.

स्वतःच्या खिशातून! एरवी औषध कंपन्या ज्ञानदानात काय कमी उदार आहेत? महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात, ती परिषदांना बसून मिळतात. त्यासाठी हॉटेलचा हॉल, पेन-पॅड, जेवण सगळं हजर. मागच्या फ्लेक्सवर रोगाचं नाव बारीक, कंपनीचं ठळक. पण गव्हावर कोण परिषद भरवणार? कंपनीचा प्रतिनिधी बिचारा विचारेल, ‘सर, यावर आमची कुठली गोळी लिहाल?’

मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली. भेटवस्तू बंद, परदेशातल्या परिषदा बंद, आठवण म्हणून द्यायची वस्तू हजार रुपयांच्या आतली. प्रवासखर्च आणि पाहुणचार फक्त वक्त्याला. (तेव्हा येत्या काळात वक्ते उदंड झाले तर नवल नको.) आणि तक्रार कुठे करायची? औषध कंपन्यांच्याच संघटनेच्या नीतिसमितीकडे. म्हणजे घरचं भांडण घरातच!

बावस्करांना असलं औदार्य नवं नाही. रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल आलेला १२०० रुपयांचा चेक त्यांनी २०१३ मध्ये परत केला आणि वर मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केली. असल्या माणसाला प्रायोजक मिळायचा तरी कसा!

राहिला धर्मादाय. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी काढावे लागतात. त्यातून नेत्रशिबिरं होतात, अँब्युलन्स येतात. वाईट कोण म्हणेल? पण त्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पिऊन लोक किडनीच्या दुखण्याने बेजार आहेत. तिथे डायलिसिसचं मशीन द्यायला दाता मिळू शकतो. फीत कापता येते, मशीनवर नाव रंगवता येतं, पेपरात फोटो येतो. गोड्या पाण्याची पाइपलाइन मात्र जमिनीखाली जाते. तिथे पाटी लावायची कुठे?