टायटसव्हिलचं टॅपेट कव्हर

अमेरिकेत मुलाकडे आलेल्या आईवडिलांना काय काय दाखवायचं, हे आता पंचांगासारखं ठरून गेलं आहे. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस, पिट्सबर्गचा बालाजी आणि नायगारा. बालाजी पेन हिल्सच्या टेकडीवर आहे, तिथल्या भारतीयांनी सत्तरच्या दशकात उभारलेला. तिथून उत्तरेची वाट धरली की नायगारा येतोच, त्यामुळे देव आणि धबधबा एका फेरीत उरकतात.

आमच्या गाडीत पाच माणसं होती. साडू, मेव्हणी, माझी बायको, मी आणि गाडी चालवायला भाचा. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गाडी वीस वर्षांची आणि पावणेदोन लाख मैल पळालेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. या वयात कुणाचंही गळू लागतं, त्याला तिनं तरी काय करावं? साडू एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून निवृत्त झालेले. मुलाकडे आल्यापासून त्यांच्या हाताला काळं लागलेलं नव्हतं, आणि ते त्यांच्या प्रकृतीला अजिबात मानवत नव्हतं.

दर्शन घेऊन, चिंचेच्या भाताचे द्रोण हातात धरून आम्ही पार्किंगमध्ये आलो तर गाडीखाली काळा डाग. पाहता पाहता तिथं परिसंवाद भरला. एका तेलुगू तरुणानं गाडी आजच विकून टाकायला सांगितलं. एक तमिळ आजोबा म्हणाले, एसीचं पाणी असेल. एका बाईंना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गाडी घेतली तेव्हा वाहनपूजा करून चाकाखाली लिंबं ठेवली होती का.

साडूंनी द्रोण माझ्याकडे दिला, बोट डागाला लावलं, दोन बोटांत चोळलं आणि वास घेतला. "इंजिन ऑइल. एसीचं पाणी असतं तर रंग नसता. गिअरचं तेल लाल असतं. कूलंट हिरवं नाहीतर गुलाबी, आणि गोडसर वास मारतं." कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुललेला आम्ही पाहिला नव्हता.

वाटेतल्या एका गॅरेजात गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकनं खालून टॉर्च मारला आणि निदान सांगितलं, रिअर मेन सील. म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाची ऑइल सील. सील ही एक किरकोळ रबरी कडी असते. पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि अमेरिकेत वस्तू स्वस्त असली तरी ती उघडणारा माणूस तासावर मोजला जातो. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला. मेव्हणीनं मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि तिथल्याच बाकावर बसली.

"त्यानं खालून पाहिलं," बाहेर पडताच साडू म्हणाले. "तेल वर चढत नाही, उतरतं. वर कुठूनही निघालं की इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं, आणि गाडी पळताना वारा ते मागं ढकलतो. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर गळती सापडली तर मला सांगा."

"मग पुढं जायचं कसं?" बायको म्हणाली.

"डिपस्टिक बघत."

त्यामुळे रूट ८ वरचं पेनसिल्व्हेनिया मी पाहिलं ते बहुतांशी उघड्या बॉनेटच्या पलीकडून. दर थांब्यावर डिपस्टिक पुसायची, बुडवायची, उजेडात धरायची आणि लागेल तेवढं तेल ओतायचं. अशा अवस्थेत आम्ही ऑइल सिटी नावाच्या गावात शिरलो. क्वेकर स्टेट आणि पेन्झॉइल ही दोन्ही तेलं याच गावात मोठी झाली. तेल गळणाऱ्या गाडीनं काशी गाठली होती.

तिथून जवळच टायटसव्हिल. ऑइल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेकच्या विहिरीला ६९.५ फुटांवर तेल लागलं आणि अमेरिकेचा तेलधंदा सुरू झाला. आता तिथं संग्रहालय आहे, आणि लाकडी मनोऱ्याखालची जुन्या घडणीची यंत्रणा पुन्हा उभी केली आहे. ओढ्यावर तेलाचा तवंग पूर्वीपासून येत असे. पण तवंग गोळा करत बसण्याऐवजी ड्रेक खाली गेला. भोक सारखं ढासळायचं, म्हणून त्यानं लोखंडी नळ खडकापर्यंत ठोकला आणि नळातून पुढं खणलं. लोक त्याला वेडा म्हणत. तो 'कर्नल' म्हणवला जायचा तोही नुसताच. गावावर छाप पडावी म्हणून कंपनीनं पत्रांवर लिहिलेली पदवी. मुळात तो रेल्वेतला कंडक्टर. जुन्या नोकरीमुळे त्याला रेल्वेचा फुकट पास होता, आणि कंपनीनं त्याला निवडण्यामागचं एक कारण तो पास!

"कंडक्टर!" साडू इतक्या जोरात म्हणाले की एक शाळकरी सहल वळून पाहू लागली. नळाच्या युक्तीचं पेटंट त्यानं घेतलं नाही, पैसा दुसऱ्यांनी केला आणि म्हातारपणी तो कफल्लक झाला, हेही त्यांनी हळहळत ऐकलं. पण १८७३ साली राज्यानं त्याला वर्षाला १,५०० डॉलर पेन्शन दिलं, हे कळल्यावर हळहळ ओसरली. "आमच्यापेक्षा बरं," ते म्हणाले, आणि खरेदीला निघाले.

खरेदी म्हणजे घासलेट. ड्रेकचं तेल मोटारींसाठी नव्हतंच. तेव्हा मोटारी कुठं होत्या? ते दिव्यांसाठी होतं. ज्या खोऱ्यातून रॉकेल जगाच्या कंदिलांत गेलं, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात साडूंना निळ्या डब्यात रॉकेल मिळालं. "रेशनकार्ड मागितलं नाही," ते मला दोनदा म्हणाले.

मोटेलच्या मागच्या बाजूला, मालकाच्या परवानगीनं, काम सुरू झालं. भाच्यानं आधी पुठ्ठे आणि परात अंथरली. एका ऑइल-बदलीतलं जुनं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथली पर्यावरण संस्था सांगते, आणि ते त्याला पाठ होतं. साडूंनी थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशानं घासून कोरडं पुसलं आणि चांगलं वाळू दिलं. मग हात पुढं केला.

"पावडर."

"कसली पावडर?" मेव्हणी सावध झाली.

"तुझीच. तोंडाची."

शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या राजासारखं इंजिन पांढरंफटक झालं. मग ते थोडा वेळ चालवून बंद केलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली होती. ती सुरू होत होती अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, आणि इंजिनाच्या पाठीवरून बरोबर सीलच्या दिशेनं गेली होती. कव्हर उघडलं तर पॅकिंग वाकेना, कटकन मोडलं. उष्णतेत वर्षानुवर्षं शिजलं की रबराचं हे असंच होतं.

पण साडू तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असला तर आत खुळखुळतो. आमचा मुका होता. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू परत आत ओढून जाळायचे, हे त्याचं काम. तो बुजला की पोटात दाब वाढतो आणि जिथं पॅकिंग हळवं तिथून तेल बाहेर ढकललं जातं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर नवंही फार दिवस टिकलं नसतं.

सुट्या भागांच्या दुकानात दोन्ही वस्तू साठ डॉलरांच्या आत मिळाल्या. शिवाय दुकानानं टॉर्क रेंच अनामत घेऊन उसना दिला आणि परत केल्यावर पूर्ण पैसे मिळतील म्हणून सांगितलं. पाना उसना देऊन परत मिळतो, हे साडूंच्या मते नायगाऱ्याहून मोठं आश्चर्य होतं. कव्हरचे बोल्ट मधून सुरू करून आलटून पालटून बाहेर जात आवळायचे, हे भाच्यानं फोनवरून वाचून दाखवलं. तोवर साडूंचे आवळून झाले होते. रेंच लावून पाहिला तर दोन बोल्ट जास्त घट्ट निघाले.

"उसना पाना," साडू म्हणाले. "त्याला काय कळतं."

पण भाच्यानं ते दोन सैल करून पुन्हा मापात आवळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची पदवी कामाला आली होती, त्यामुळे कुणी अडवलं नाही. कोपऱ्यांत भरलेलं सिलिकॉन रात्रभर सुकू द्यायचं होतं. दोघी बहिणींनी संध्याकाळ टायटसव्हिलच्या मुख्य रस्त्यावर, आमच्याशी न बोलता काढली. सकाळी गाडीखालचा पुठ्ठा कोरडा होता. मेव्हणीनं तो उलटा करूनही पाहिला.

पुढं इअरी, बफेलो आणि नायगारा. गोट आयलंडच्या पार्किंगपर्यंत धबधब्याचा आवाज येत होता. बायका पुढं गेल्या, भाचा कॅमेरा घेऊन धावला. साडू मात्र तीन गाड्या पलीकडं जॉर्जियाच्या नंबरप्लेटच्या एका व्हॅनपाशी उकिडवे बसले होते. व्हॅनचा गुजराती मालक काळजीनं त्यांच्या डोक्यावर वाकला होता.

"अहो, धबधबा!" मेव्हणी लांबून ओरडली.

साडूंनी बोट वर करून उजेडात धरलं. "लाल आहे," ते त्या माणसाला म्हणाले. "गिअरचं. पावडर आहे का गाडीत?"