बुक्कीचा कांदा

सेवेच्या मोहिमेवर परदेशातून बीड जिल्ह्यात उतरलेला पाहुणा लांबूनच ओळखू येतो. झब्बा नवा कोरा, वहाणा करकरणाऱ्या आणि तोंडी पुस्तकातून घोटलेलं इतकं शुद्ध मराठी, की आष्टी-पाटोद्याकडची आजी आधी पदर सावरते आणि मग हळूच शेजारणीला विचारते, "सायेब कोन्त्या खात्याचे म्हनायचे?" ऊन, तिखट, अंगणातली बाज, पहाटेचा काकडा, त्याला सगळं अस्सल हवं असतं. पण खरा जीव कांद्यात. शेतकरी बुक्कीने कांदा फोडतो, हे त्याने येण्याआधीच कुठंतरी वाचलेलं असतं. ताटात भाकरी-ठेचा पडला रे पडला, की मूठ वर जाते. घरधनीण विळी पुढे सरकवते. तो नम्रपणे नको म्हणतो आणि बुक्की हाणतो. अर्धा कांदा कणगीमागे, उरलेला झब्ब्यावर. लोकांशी एकरूप झाल्याच्या समाधानाने त्याचे डोळे पाणावतात (त्यात कांद्याचाही वाटा असतो).

पाहुणा रुळला की नाही, हे त्याच्या ताटावरून ठरवू नये. त्याचा मूळ बेत किती बदलला, ते पाहावं. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. आले होते आपला धर्म सांगायला. पण ऐकणाऱ्यांना गोडी पुराणाची, म्हणून ओव्या रचायला बसले. ख्रिस्तपुराण छापून निघायला १६१६ उजाडलं. सदतीस वर्षं! त्यांनी कांदा कशाने फोडला याची नोंद नाही आणि कुणाचं काही अडलेलंही नाही. बीडच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० मध्ये आले. ते तर आपल्याच देशातले. तरी डॉक्टरकी बाजूला ठेवून त्यांना आधी लोकांच्या पाण्याचं आणि पोटाचं पाहावं लागलं. पुढे आरोग्याचं काम त्यांनी गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायांच्या हाती दिलं. आमच्या पाहुण्याचा बेत मात्र विमानात बसताना होता तसाच परतीच्या विमानातही असतो.

कुणी म्हणेल, निदान प्रयत्न तरी करतो ना बिचारा? करतो; पण त्याहून जास्त प्रयत्न ते घर करतं. पाणी उकळायचं, ठेच्यातल्या मिरच्या कमी करायच्या, ठेवणीतली वाकळ काढायची आणि कणगीमागचा कांदाही काढायचा. शिवाय परक्या मुलखात रुळण्याचे धडे बीडला कुणी द्यावेत? इथल्या हजारो जोड्या दरसाल मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. कन्नड येत नाही म्हणून मोळी बांधायची थांबत नाही. फडात कांदा बुक्कीनेच फुटतो, कारण विळी कोपीवर राहिलेली असते. या रुळण्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. हातात पडतो तो उचलीचा हिशेब, आणि बहुधा तोही फिटलेला नसतो.

तरीही एक गोष्ट, जरा नाइलाजाने का होईना, त्याच्या पदरात टाकली पाहिजे. दुष्काळ पाहायला येणारे गाडीची काच अर्धीच खाली करतात, माहिती घेणारे रकाने भरून निघून जातात. हा जमिनीवर बसतो, चुकीचं बोलतो आणि आजी खो-खो हसली की तिच्याबरोबर हसतो. ज्या गावाला कायम कुणीतरी कीव करत पाहिलं, त्या गावाला मनसोक्त हसायला एक माणूस मिळतो. सेवेत हे धरायला हरकत नसावी.

म्हणून त्याला 'येऊ नको' म्हणवत नाही. एवढंच सांगावंसं वाटतं, की बाबा, दिवाळीनंतर ये आणि टोळ्या परतेपर्यंत राहा. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरलेली असतात, आणि त्या पोरांना संध्याकाळी अभ्यासाला बसवायला माणूस लागतं.